अन्ननलिकेचा रोग : नशीब, पाप की कारण?

एखादा कष्टकरी माणूस पन्नाशीच्या पुढे गेला आणि ज्वारीच्या भाकरीचा घास त्याच्या छातीत अडू लागला म्हणजे घरात काय घडते, हे वाशीम जिल्ह्यातल्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक आहे. प्रथम तो घास पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलतो. पुढे भाकर वरणात किंवा दुधात कुस्करून खावी लागते. मग नुसता मऊ भात, मग पेज, आणि शेवटी पाणीही उतरेनासे होते. अंगावरचे कपडे ढगळ होतात, आवाज बसतो. या अवधीत घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे बोलणे चाललेले असते. कोणी म्हणतो, त्याच्या नशिबातच होते. कोणी म्हणतो, मागल्या जन्मीचे पाप. कोणी म्हणतो, कुणीतरी करणी केली, एकदा जाणत्याला दाखवून आणा. नव्याने धम्मदीक्षा घेतलेला एखादा कडक उपासक म्हणतो, पंचशील घेऊनही बिडी सोडली नाही, आता भोगतो आहे. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, बिडीमुळे झाले. आणि त्यावर पुन्हा कोणी विचारतो, बिडीने होते तर मग याच्या बापाला का झाले नाही? तो तर मरेपर्यंत ओढत होता.

एकाच रोगाविषयी ही पाच उत्तरे आणि एक प्रश्न. ऐकायला ही बोलणी साधी वाटतात. परंतु त्यांतले कोणते आपण खरे धरतो यावर रोग्याला कुठे नेले जाईल, किती उशिरा नेले जाईल आणि घरात त्याच्याशी कसे वागले जाईल हे ठरते. म्हणून हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच विचाराचा आणि नीतीचाही आहे. त्याचा शांतपणे विचार करू.

रोग कसा जडतो?

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभराहून थोडी मोठी नळी आहे. ती श्वासनलिकेच्या मागे असते. धूर तर छातीत जातो, अन्नाच्या वाटेशी त्याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. संबंध असा आहे. धुरातला चिकटा आणि विषारी द्रव्ये तोंडातल्या लाळेत मिसळतात, आणि लाळ आपण दिवसभर गिळत असतो. शिवाय जी द्रव्ये फुप्फुसातून रक्तात उतरतात ती रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरतात. त्यांपैकी काही द्रव्ये नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना इजा करतात. इजा झालेली पेशी दुरुस्त होते, पुन्हा इजा होते, पुन्हा दुरुस्त होते. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे एखाद्या पेशीची दुरुस्ती चुकते आणि ती आवरेनाशी वाढू लागते. यालाच आपण कर्करोग किंवा कॅन्सर म्हणतो.

दुसरे नुकसान वेगळ्या मार्गाने होते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक दार असते. जठरातले आंबट पाणी वर येऊ नये म्हणून ते मिटलेले राहते. तंबाखूतले निकोटिन हे दार सैल करते. धूम्रपानाने लाळेची आम्ल शमविण्याची शक्तीही कमी होते. म्हणून बिडी ओढणाऱ्याला छातीत जळजळ, आंबट ढेकर हे त्रास अधिक होतात. वारंवार आम्ल वर आल्याने नळी सुजते, तिला जखमा होतात, कधी ती आकसते. काही माणसांत खालच्या भागाचे अस्तरच बदलते आणि तेथे वेगळ्या जातीचा कर्करोग होण्याची भीती असते. आपल्या देशात अन्ननलिकेच्या अस्तराच्या मूळ पेशींपासून होणारा कर्करोग अधिक आढळतो आणि धूम्रपानाचा संबंध त्याच्याशी फार घट्ट आहे. धूम्रपानाला दारूची जोड मिळाली म्हणजे धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढावा तसा वाढतो.

बिडी लहान म्हणून तिचे पाप लहान, असे कोणी समजू नये. बिडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात, आणि त्यामुळे चिकटा व निकोटिन शरीरात कमी जात नाही.

हे कळले कसे?

हा शोध परदेशातून आयात केलेला आहे असे नाही. आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या परळ भागात १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येऊ लागले. त्यात कष्टकरी वर्गाचा भरणा मोठा होता. डॉ. एल. डी. संघवी, डॉ. के. सी. एम. राव आणि डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी तोंड, घसा आणि अन्ननलिका या मार्गाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी आणि तंबाखू चघळण्याशी काय संबंध आहे याची पाहणी केली. ती १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आदल्या वर्षी! १९६३ साली मुंबईत देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. त्यांनी आणि देशपांडे यांनी सुमारे दोन हजार रोगी आणि तितकीच रोग नसलेली माणसे यांच्या सवयी ताडून पाहिल्या आणि १९७१ साली आपले निष्कर्ष मांडले. १९७७ साली जयंत, बालकृष्णन, संघवी आणि जस्सावाला यांनी दाखवून दिले की जो ओढतो आणि चघळतोही, त्याचा धोका केवळ ओढणाऱ्यापेक्षा किंवा केवळ चघळणाऱ्यापेक्षा बराच मोठा असतो.

पुढे जगभरच्या अशा पाहण्या एकत्र करून फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचे धूम्रपान हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे कारण म्हणून नोंदले. चघळण्याची तंबाखूही त्या यादीत आहे. ही गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शंभरात चारांहूनही कमी, ३.८ टक्के, आढळले. परंतु बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा होते. तेव्हा बिडी सोडून खर्रा धरला आणि मोकळा झालो, असे समजणारा माणूस एका दारातून निघून त्याच घरात दुसऱ्या दाराने शिरलेला असतो.

या पाहण्यांची रीत लक्षात घ्या. कोणा अधिकारी पुरुषाने सांगितले म्हणून त्यांनी मानले नाही. रोगी पाहिले, निरोगी पाहिले, दोघांच्या सवयी मोजल्या, वयाचा फरक वगळला आणि मग काय उरते ते पाहिले. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी परंपरेवर किंवा गुरूवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश केला होता. त्या वृत्तीशी जुळणारी ही रीत आहे.

मग बापाला का झाले नाही?

आता त्या प्रश्नाकडे वळू. बाप जन्मभर बिडी ओढून ऐंशीव्या वर्षी म्हातारपणाने गेला. मुलगा पन्नाशीत अन्ननलिकेच्या रोगाने गेला. आणि शेजारची एक बाई, जिने कधी बिडीला हात लावला नाही, तिलाही तोच रोग झाला. मग बिडीचा दोष कसा?

सोयाबीनच्या शेतात रात्री पाणी द्यायला किंवा राखणीला जाणाऱ्या माणसाचा विचार करा. कंदील किंवा बॅटरी न घेता बांधावरून जाणारा प्रत्येक जण साप चावून मरत नाही. काही जण जन्मभर अंधारात हिंडून सुखरूप राहतात. उलट दिवसाउजेडीही एखाद्याला साप चावतो. म्हणून बॅटरी निरुपयोगी आहे असे कोणी म्हणतो काय? अंधारात चालल्याने धोका वाढतो, इतकेच आपण म्हणतो, आणि तेवढे म्हणणे बॅटरी घ्यायला पुरेसे असते.

धोका वाढविणारे कारण म्हणजे हेच. एका कारणाने रोग होत नाही. धूर, चघळणे, दारू, फळभाज्यांचा अभाव, अति कढत पेये, शरीराची जन्मजात ठेवण, वय, अशा पुष्कळ गोष्टी एकत्र येतात तेव्हा रोग उभा राहतो. धम्मात ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात त्याची शिकवण याच दिशेची आहे. कोणतीही गोष्ट एकटी, आपोआप किंवा कोणाच्या लहरीने उद्भवत नाही. अनेक प्रत्यय जुळतात तेव्हा ती उद्भवते, आणि प्रत्यय काढून घेतले म्हणजे ती दुबळी होते किंवा नाहीशी होते. हे सूत्र मोठमोठ्या ग्रंथांत राहावे यापेक्षा आपल्या घरच्या चुलीपाशी उतरावे हे अधिक महत्त्वाचे. वय आपल्या हाती नाही, देहाची ठेवण आपल्या हाती नाही. बिडी आपल्या हाती आहे, अगदी शब्दशः हाती आहे.

यातून एक नैतिक गोष्टही निघते. बिडी न ओढणाऱ्यालाही हा रोग होतो, म्हणून रोग पाहून माणसाच्या वर्तनाचा निवाडा करता येत नाही. कारणावरून परिणामाचा धोका सांगता येतो. परिणामावरून माणसाला गुन्हेगार ठरविता येत नाही.

नशीब आणि पूर्वकर्म

नशिबाची भाषा आपण सोडली असे आपण म्हणतो. गावकुसाबाहेरचे जिणे, मेलेली ढोरे ओढणे, शिळे तुकडे मागणे हे सारे आपल्या वाडवडिलांना नशीब म्हणूनच सांगितले गेले होते. ते नशीब नव्हते, माणसांनी केलेली व्यवस्था होती, हे बाबासाहेबांनी दाखविले. तरीही रोग आला की तेच नशीब मागच्या दाराने घरात येते. पूर्वी त्याला प्राक्तन म्हणत. आता काही लोक 'कर्माचा सिद्धांत' असे म्हणून त्याला बौद्ध कपडे चढवितात.

याविषयी संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही लोक मानतात, त्याचे काय? बुद्धांनी ते मत मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूचे बदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात अशी निरनिराळी कारणे त्यांनी सांगितली आणि कर्मविपाक हे त्यांतले एक कारण म्हटले. सर्व दुःख पूर्वकर्माच्या गळ्यात बांधणारे लोक प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे जातात, असे त्यांचे म्हणणे होते. या यादीतल्या 'विषम निगा' या कारणाकडे पाहा. पालीत त्याला विसमपरिहार म्हणतात. शरीराची हयगय, अवेळी व अयोग्य वागणूक असा त्याचा अर्थ. बिडीचे खरे ठिकाण तेथे आहे. ते मागल्या जन्मात शोधण्याची गरज नाही, कोपरीच्या खिशात सापडते.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेवर कठोर प्रश्न उपस्थित केले. गरिबाच्या हालांची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी अशी सोय त्या कल्पनेने होते, हा त्यांचा आक्षेप होता. रोगाच्या बाबतीत हा आक्षेप तितकाच लागू आहे. 'त्याच्या कर्मात होते' असे म्हटले की तपासणी नको, दवाखाना नको, आणि आपल्या मुलाच्या खिशातली बिडी काढून घेण्याचीही गरज उरत नाही.

पाचवे शील मोडले काय?

आता कडक उपासकाचे म्हणणे पाहू. बिडी ओढल्याने पाचवे शील मोडते काय? या प्रश्नाला सोपे 'होय' देण्याचा मोह होतो, पण प्रामाणिक उत्तर थोडे निराळे आहे.

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज यांची नावे आहेत, म्हणजे दारूचे व मद्याचे प्रकार आहेत. तंबाखूचे नाव असण्याची शक्यताच नव्हती. ती अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. अकबराच्या दरबारातला असद बेग १६०४-०५ च्या सुमारास दक्षिणेत विजापूरला आला होता. तेथे त्याला तंबाखू मिळाली आणि नवलाची वस्तू म्हणून त्याने ती बादशहापुढे नेली. म्हणजे बुद्धांच्या नंतर दोन हजार वर्षांनी ही वस्तू या देशात दिसू लागली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचा त्याग आहे, बिडीचे नाव नाही. इतकेच नव्हे तर विनयपिटकाच्या महावग्गात पिलिन्दवच्छ थेराच्या डोकेदुखीवर औषधी धूर घेण्याची, आणि त्यासाठी नळी वापरण्याची, अनुज्ञा दिलेली आहे. तो धूर तंबाखूचा नव्हता आणि दुखण्यापुरता होता, हे खरे. पण धूर ही वस्तूच विटाळाची आहे असे धम्म म्हणत नाही, हेही त्यावरून दिसते.

तेव्हा अक्षरार्थाने पाहिले तर बिडी ओढणाऱ्याने पाचवे शील मोडले असे म्हणता येत नाही. एक बिडी ओढून माणूस शुद्ध हरपत नाही, बायकोला मारहाण करीत नाही, मजुरीचे सगळे पैसे एका रात्रीत उडवीत नाही. दारूचे आणि बिडीचे नुकसान वेगळ्या जातीचे आहे. शीलाचे शब्द ओढूनताणून वाढवायचे आणि मग त्या काठीने माणसाला झोडपायचे, ही रीत जुन्या धर्माची होती. तिथे प्रत्येक गोष्टीला विटाळ आणि प्रायश्चित्त होते. आपण ती रीत टाकून आलो आहोत.

मग धम्माला बिडीविषयी काहीच म्हणायचे नाही काय? म्हणायचे आहे, आणि ते अधिक खोल आहे. पाचव्या शीलाचा रोख ज्या गोष्टीवर आहे तिला प्रमाद म्हणतात. प्रमाद म्हणजे केवळ झिंग नव्हे. जे हानिकारक आहे हे कळले, तरी बेफिकिरीने ते चालू ठेवणे हाही प्रमादच. ज्याला कळले नव्हते त्या आजोबांची गोष्ट निराळी. ज्याला कळले आहे त्याची निराळी. शिवाय आपला देह केवळ आपला नसतो. त्या देहाच्या मजुरीवर लेकरांची शाळा चालते, म्हाताऱ्या आईचे औषध चालते. कुडाच्या एका खोलीत बाप बिडी ओढतो तेव्हा तो धूर तान्ह्या मुलाच्या छातीत जातो. त्या मुलाने तो मागितलेला नसतो. प्राण्याला इजा करू नये हे पहिले शील आपण रोज म्हणतो. त्या प्राण्यांत आपले मूलही आले आणि आपण स्वतःही आलो. हे कळल्यावर बिडी सोडण्यासाठी पापाची भीती घालावी लागत नाही. कारण पुरेसे आहे.

दोष कोणाचा?

येथे आणखी एक बाजू पाहिली नाही तर आपला विचार लंगडा राहील. कष्टकरी माणूस बिडी का ओढतो? शेतावर दिवसभर वाकून काम करणाऱ्या मजुराला उगीच पाच मिनिटे बसलेले मालकाला खपत नाही. पण 'बिडी ओढून घेतो' म्हटले की ती पाच मिनिटे चालतात. कित्येकांच्या आयुष्यात बिडी हेच विश्रांतीचे एकमेव मान्य नाव झाले. बिडीने भूक मरते. बिडीच्या काडीबरोबर दोन शब्द बोलता येतात. एके काळी चिलीम जातीतल्या जातीत फिरे आणि जातीबाहेर टाकलेल्याचा हुक्का बंद होई. धूर हे सोबतीचे चिन्ह होते. म्हणून बिडी सोड म्हणणे म्हणजे त्याच्याकडून विसावा, सोबत आणि भुकेचा उतारा एकदम मागणे असते.

आणि बिडी वळतो कोण? भंडारा-गोंदिया भागात हजारो गरीब घरांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळत आल्या. त्यांत आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. कामठीचे बाबू हरदास यांनी या बिडी कामगारांना संघटित केले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हेच हरदास. १९३९ साली, अवघ्या पस्तिशीत त्यांचे निधन झाले. बिडी कामगारांसाठी संसदेने कायदा केला तो १९६६ साली. म्हणजे बिडी वळणारा हातही आपला आणि ती ओढणारा घसाही आपला, नफा मात्र तिसऱ्याचा. वळणाऱ्या बाईला दोष देऊन काही साधत नाही. तिला दुसरे काम मिळावे ही मागणी धरली पाहिजे.

मग ओढणाऱ्याची जबाबदारी काहीच नाही काय? आहे. पण जबाबदारीचे दोन प्रकार असतात. एक मागे पाहते : तू केलेस, आता भोग. दुसरी पुढे पाहते : कारण कळले आहे, आता काय करता येईल? पहिली जबाबदारी न्यायाधीशाची भाषा बोलते, आणि कर्करोगाच्या खाटेपाशी न्यायाधीशाचे काही काम नाही. दुसरी जबाबदारी रोग्याची आहे, तितकीच घरच्यांची, गावाची, मालकाची, कारखानदाराची आणि सरकारचीही आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी झाली ती २ ऑक्टोबर २००८ पासून. कायद्याने दार लावले, पण कडी घालायला माणसे लागतात.

वेगळा पेला

आता सर्वांत दुःखाच्या गोष्टीकडे येतो. अन्ननलिकेचा कर्करोग झालेल्या माणसाचे ताट आणि पेला वेगळा काढला जातो. त्याची खाट पडवीत टाकली जाते. लेकरांना सांगतात, बाबाच्या जवळ जाऊ नका, लागण होईल. हा रोग स्पर्शाने लागत नाही. एका ताटात जेवल्याने लागत नाही, एका पेल्यातून प्याल्याने लागत नाही. डॉक्टरांनी औषधोपचाराच्या काळात स्वच्छतेसाठी काही सांगितले तर ते रोग्याला दुसऱ्याचा संसर्ग होऊ नये म्हणून असते.

बंधुभगिनींनो, वेगळ्या पेल्याचे दुःख आपल्याइतके कोणाला माहीत आहे? ज्या समाजाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले, त्या समाजाने आपल्याच बापाचा पेला वेगळा ठेवावा काय? पूर्वी विटाळाचे कारण जात सांगितले जाई, आता रोग सांगितला जातो. कारण बदलले, पण वाट्याला येणारा पेला तोच.

महावग्गातच एका रुग्ण भिक्षूची गोष्ट आहे. त्याला अतिसार झाला होता, तो आपल्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्षू त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. तुझ्या कोणत्या कर्माचे हे फळ, असे त्याला विचारले नाही. विचारणा झाली ती इतर भिक्षूंची, की तुम्ही याची सेवा का केली नाही? नीतीचा प्रश्न रोग्याला विचारायचा नसतो, रोग्याच्या भोवतालच्यांना विचारायचा असतो, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

आज काय करावे?

पहिली गोष्ट वेळेची. घास अडू लागतो तेव्हा नळी आतून बरीच अरुंद झालेली असते. म्हणून घास अडणे, गिळताना दुखणे, विनाकारण वजन उतरणे, आवाज बसलेला राहणे यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले तर जाणत्याकडे, बुवाकडे किंवा नुसत्या जळजळीच्या गोळ्यांवर दिवस घालवू नका. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन दुर्बिणीच्या तपासणीविषयी विचारा. तोंडावाटे बारीक नळी घालून आतले पाहतात आणि संशय वाटला तर कणभर तुकडा तपासतात. कर्करोगाच्या उपचारांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मदत मिळते. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्यावे.

दुसरी गोष्ट सोडण्याची. आता इतकी वर्षे ओढली, आता सोडून काय उपयोग, असे म्हणणे हे नशिबाचेच दुसरे नाव आहे. सोडल्यानंतर वर्षागणिक अन्ननलिकेचा धोका उतरत जातो. कधीच न ओढणाऱ्याइतका तो व्हायला पुष्कळ काळ लागतो, पण उतरणीला सुरुवात होते. रोग झालेल्यालाही सोडल्याचा लाभ उपचारात होतो. निकोटिनची तलफ ही खरी शारीरिक ओढ आहे. पहिले दोन-तीन आठवडे माणूस चिडतो, झोप बिघडते. त्या दिवसांत घरच्यांनी त्याला हसू नये, टोचून बोलू नये. एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळापुरते फुटाणे, बडीशेप, गुळाचा खडा द्यावा. सुपारी देऊ नये, कारण सुपारीही कर्करोगाचे कारण आहे. एकदा सुटून पुन्हा ओढली गेली तर शपथ मोडली म्हणून हताश होऊ नये, पुन्हा सोडावी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी आहे, त्यावर सल्ला मिळतो.

तिसरी गोष्ट सर्वांनी मिळून करण्याची. पाहुणा आला की पुढे येणाऱ्या ताटात तंबाखू ठेवू नका. लग्नात, जयंतीत, पुण्यानुमोदनाला बिडीबंडल वाटण्याची चाल बंद करा. लहान मुलाला दुकानावर बिडी आणायला पाठवू नका, कारण पहिली ओळख तेथेच होते. आणि मजुरांनी बिडीच्या नावाने चोरून घेतलेला विसावा हक्काने मागावा. पाच मिनिटे सावलीत बसण्यासाठी माणसाला घसा जाळावा लागू नये.

विहारात आपण पंचशील म्हणतो तेव्हा प्रत्येक शील मी स्वतः ग्रहण करतो असे म्हणतो. कोणी लादत नाही, कोणी शिक्षा देत नाही. बिडीचेही तसेच असू द्या. कारण जाणून, आपल्या माणसांकडे पाहून, ज्याने त्याने ती खाली ठेवावी. आणि ज्याला रोग झालाच आहे, त्याच्या पेल्यातून घरातल्या सर्वांनी पाणी प्यावे.